कडीला बांधलेलं पिंपळपान

मी एक जुनं कार्ड आहे. मित्रांनो, माझ्यावर एक अक्षरही लिहिलेलं नाही, म्हणून मला कार्ड म्हणावं की नाही, ते तुम्हीच ठरवा. पार्सलाला बांधतात त्या चिठ्ठीसारखा माझा आकार आहे. वरचे दोन कोपरे कापलेले, त्यांच्या मधोमध भोक. जेवणाच्या डब्याच्या कडीला बांधण्यासाठी मला केलं होतं.

माझा जन्म एकाहत्तर सालचा. मंगरूळपीरहून वाशीमला जाणाऱ्या रस्त्यावर एका फाट्याला लागून भागिरथाबाईंचं घर होतं. त्यांचे पती वाशीमच्या कोर्टात शिपाई होते. ते पहाटेच्या मोटारीने जात आणि त्यांचा डबा नंतरच्या मोटारीने. त्या मोटारीत आणखीही बरेच डबे असत, सगळे ॲल्युमिनियमचे, सगळे सारखे. म्हणून कंडक्टर फुलचंद रोज विचारायचा, "कोनाचा डबा?"

भागिरथाबाई नवऱ्याचं नाव घेत नसत.

"बेबीच्या बापाचा," त्या म्हणत.

"वयनी, अर्ध्या तालुक्यातल्या पोरी बेबी हायेत. नाव घ्या, नाही तं डबा मीच खाऊन टाकतो!"

मोटार हसायची. घरीही तेच. नवरा म्हणायचा, "दीक्षा घेतली, देव सोडले, उपास सोडले. हे एक काहून नाही सुटलं तुले?" त्या भाकरी थापत राहत. बेबी तेव्हा शाळेत होती. ती म्हणाली, "माय, मी कागदावर लिहून देतो नं."

"लिहिलं तं काय? नावच नं थे."

एके दिवशी शेजारच्या रंगूबाई आपला डबा हरवला म्हणून भांडत आल्या, तेव्हा कळलं की दोन डब्यांची अदलाबदल झाली होती. त्या दुपारी भागिरथाबाईंनी रंगूबाईंचीच कात्री मागून आणली आणि मला करायला घेतलं.

खाली सदऱ्याच्या खोक्याचा पुठ्ठा. त्यावर नवऱ्याच्या जुन्या निळ्या सदऱ्याचा तुकडा. त्यावर, जरा लहान कापून, आपल्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याचा काठ. सगळ्यात वर चहाच्या पुड्यातल्या चांदीच्या कागदाचं पिंपळपान. प्रत्येक थर कणकेच्या खळीने चिकटवला आणि पाट्याखाली दाबून ठेवला. खळ सुकेपर्यंत दुसरा थर नाही, अशी त्यांची रीत. घाई केली असती तर मी पहिल्याच आठवड्यात सुटलो असतो. भोक दाभणाने पाडलं. दोरा लाल होता.

दुसऱ्या दिवशी फुलचंदने मला उलटसुलट पाहिलं. "हे बरं हाय वयनी. आता पानवाला डबा म्हणीन मी."

तेव्हापासून माझं आयुष्य ठरलं. सकाळी त्या गाठ मारायच्या, दुपारी कोर्टात त्यांचे पती गाठ सोडायचे. मला रिकाम्या डब्यात ठेवून घरी आणायचे. बांधणं बाईंचं, सोडणं त्यांचं. काही वर्षांनी दोरा विरला, तेव्हा मी घरी आलो तो कोर्टातल्या लाल फितीसह. बाईंनी फीत बोटावर गुंडाळून पाहिली आणि दुसऱ्या सकाळी तिनेच मला बांधलं.

बेबी कॉलेजला अमरावतीला गेली. एका फेब्रुवारीत सुटीवर आली तेव्हा मला हातात घेऊन म्हणाली, "माय, विलायतेत असं कार्ड देतात. मैत्रिणीकडं पाह्यलं मी. असेच थर अन् वर बदाम. वर्षातून एक दिवस, आवडत्या मानसाले."

"एकच दिवस?" भागिरथाबाई म्हणाल्या. "मंग बाकीचे दिवस थे उपाशी राह्यते काय?"

बेबी हसली. मीही हसलो असतो.

अठ्ठ्याहत्तरच्या संक्रांतीनंतरची गोष्ट. त्यांनी मला बांधलं, डबा मोटारीत दिला, घरात आल्या आणि खाली बसल्या. दुपारी त्यांना वाशीमच्या दवाखान्यात नेलं. निरोप आला तेव्हा कोर्टात डबा उघडलेला नव्हता. त्या घरी परत आल्या नाहीत. डबा आला.

बेबी मंगरूळपीरला शिक्षिका होती. ती रजा काढून आली. तिने डब्यातली भाकरी गाईला घातली. डबा घासताना मला पाण्याबाहेर धरलं, तरी थोडं पाणी लागलंच. काठ फुगला. गाठ तशीच होती. तिने डबा पुसून फळीवर ठेवला. ती रडली नाही. नंतर तिने चुलीपुढची जागाही सारवली.

तिचे वडील कामावर जाऊ लागले. "डबा नको," ते म्हणाले. "हाटेलात खाईन."

पण एके सकाळी फुलचंद मोटारीतून उतरून दारापर्यंत आला. "बेबी, तुझा बाप हाटेलात नाही जात. दुपारी मोटारीपाशी येते, डबे उतरून होईपर्यंत उभा राह्यते, अन् तसाच चालला जाते."

दुसऱ्या पहाटे बेबीने फळीकडे हात नेला. वडील दारातून म्हणाले, "त्याले हात नको लावू. गाठ सुटन."

ते गेले. तिने भाकरी आणि बेसन केलं, रंगूबाईंचा डबा मागून आणला. त्याच्या कडीला काहीच नव्हतं. मोटार थांबली. फळीवरून मला सगळं ऐकू येत होतं. फुलचंद सुटीवर होता. आवाज नवा होता.

"कोनाचा डबा?"

"बेबीच्या..." ती म्हणाली आणि थांबली.

"सांगा बाई लवकर."

"देवमनचा," ती म्हणाली. मग मोठ्याने, "देवमन सरकटे. कोर्टातले."

त्या फाट्यावर त्या घरातल्या बाईच्या तोंडून ते नाव पहिल्यांदाच निघालं.

संध्याकाळी वडिलांनी डबा तिच्यापुढे ठेवला. रिकामा होता.

"नाव सांगतलं काय?"

"सांगतलं."

"मोटारीत ऐकू आलं लोकाईले?"

"हो, बाबा."

त्यांनी डब्याच्या रिकाम्या कडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "उद्या बेसनात मीठ कमी टाक. तुझी माय कमी टाके."

मित्रांनो, अजून मी फळीवरच आहे. खळ सुटत चालली आहे, चांदी काळी पडली आहे. माझी एकच विनवणी आहे. तुमच्या घरात कधी असा अक्षर नसलेला तुकडा सापडला, तर चुलीत टाकण्याआधी कोणाचा आहे ते विचारा. आणि सांगणारं माणूस असेपर्यंत विचारा.

माझी गाठ कोणी सोडलेली नाही. ती सोडायचं काम ज्यांचं, ते रोज सकाळी फळीखालून जातात, आणि जाताना पान सरळ करतात.