शहागंजाचं गाणं

मोनिकानं मैत्रिणीच्या, विशाखाच्या घरी पोह्यांवर खोबरं आणि शेव टाकली आणि पहिली बशी उचलली, तेवढ्यात बाहेरच्या खोलीत पाहुण्यांची बारकी पोरगी टाळ्या वाजवून गायला लागली. पोराची आई, आत्या आणि ही चिमुरडी, अशा तिघी जणी कन्नडहून विशाखाला बघायला आल्या होत्या.

शहागंजाच्या दुकानी, दिवा जळतो रातीला
बांगड्या भरता भरता, मालक धरी हाताला

बशी वाकडी झाली. शेव फरशीवर सांडली.

हे गाणं मोनिकानंच जुळवलेलं. दिवाळीनंतर, गल्लीतल्या संस्कृतीच्या हळदीत. विशाखानं मोनिकाला एका पोराच्या गाडीवर बघून तिच्या घरी सांगितलं होतं, आणि आईनं तिला चपलीनं मारलं होतं. हळदीत बायका एकमेकींची उणीदुणी काढून गाणी म्हणतातच, कुणी राग धरत नाय. मोनिकानं तर नाव बी घेतलं नव्हतं. पण दौलताबादहून रोज शहरात, शहागंजातल्या बांगड्यांच्या दुकानात कामाला जाणारी गल्लीत एकच होती. बायका पोट धरून हसल्या होत्या. मग हरेक हळदीला ते गाणं निघायला लागलं. विशाखाला यायला उशीर झाला की दारातल्या बायका एकमेकींकडं बघायच्या.

"बास गं परे," पोराची आई म्हणाली.

आत्या हसली नाय. "एका लग्नात शिकली. आमच्याकडं बी लई चाललंय हे." मग ती विशाखाच्या आईकडं वळली. "सुलेखाबाई, तुमची पोरगी बी तिथंच जाती ना? बांगड्यांच्याच दुकानात?"

सुलेखाबाईनं पदर सारखा केला. "व्हय. पण आठाच्या आत घरी असती."

वेळ कुणी विचारली नव्हती.

स्थळ आणलं होतं शेजारच्या कडूबाईनं. ती घाईघाईनं पुढं सरकली. "ते व्हय? ते लई जुनं गाणं हाय ओ ताई. माझ्या हळदीत म्हणलेलं. तवा विशाखा जन्मली बी नव्हती."

संस्कृतीच्या हळदीत सगळ्यात मोठ्यानं टाळ्या कडूबाईनंच वाजवल्या होत्या.

"जुनं हाय?" आत्यानं मान हलवली. "मंग तर खरंच असंल. जुनी बायामाणसं उगं म्हणायची व्हय? त्या दुकानांचं पयल्यापासून तसंच असणार."



"जुनं बिनं काय नाय ते!" मोनिका उंबऱ्यातून ओरडली. "मी जुळवलंय."

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं.

"मी. डोकं फिरलं हुतं माझं. सगळं खोटं हाय. तो मालक म्हातारा हाय, त्याला धड दिसत बी नाय."

"तू?" आत्या आता हसली. "कितवीला हायस गं?"

"सोडली शाळा. नववीतच."

"बघा! आन म्हणं गाणी जुळवती." आत्या उठली, मोनिकाच्या हातातली बशी घेऊन बाजूला ठेवली. "मैत्रिणीसाठी अंगावर घ्यायली बिचारी. असा जीव लावणारी पोरगी कुठं मिळती आजकाल?"

"आईशप्पथ, मीच..."

"असू दे बाळा." आत्यानं मोनिकाच्या गालावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलाशी बोटं कडाकडा मोडली. मग सुलेखाबाईकडं बघून आवाज बदलला. "बरं. आम्ही कळवतो."

पोह्यांना कुणी हात लावला नाय.

विशाखा चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात कधीची उभी होती, कुणास ठाऊक. ती आली. पोराच्या आईला कप दिला, आत्याला दिला. एक थेंब सांडला नाय. मग ती मोनिकापुढं येऊन थांबली.

"खरंय आत्या," ती म्हणाली. "लई जीव हाय हिचा माझ्यावर."

मोनिकानं वर बघितलं नाय.

"घे ना मोने. तुझ्यासाठी बी केलाय."

मोनिकानं कप उचलला. तोंडाला लावला. आत्या अजून तिच्याचकडं कौतुकानं बघत होती.