खेचराचा हिवाळा

जयमालाला हरणं नवीन नव्हतं, पण हरून गप्प बसणं तिला कधी जमलं नाही. खामगावच्या एका कन्याशाळेत ती खेळाची शिक्षिका होती आणि तिच्या कबड्डीच्या पोरी जिल्ह्यात कुणाला ऐकत नसत. आवाज असा की शिटी हरवली तरी तिचं काही अडत नसे. अशी बाई त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास पोरींना पकड शिकवता शिकवता मैदानावर पडली आणि उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. अकोल्याला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, मैदान विसरा, आता काही महिने घर.

घर म्हणजे ती आणि नवरा भागवत. त्याचं बाजारात गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान. माणूस मोजकं बोलणारा. दुपारी जेवायला आला की पेपर उघडून बसायचा आणि बायकोची चिडचिड पेपराच्या आडून ऐकायचा.

दिवाळीला मुलगी पूनम नागपूरहून आली ती गेम खेळायचं मशीन घेऊनच. तिनं ते टीव्हीला जोडलं, रिमोट आईच्या हातात दिला.

"घे. बसल्या बसल्या बी जिंकता येते."

"हे पोट्ट्याईचे चाळे मी करू?"

"मंग भिंतीकडं पाहत बस," पूनम म्हणाली.

जयमालानं रिमोट घेतला. पहिल्या दिवशी तिची गाडी सारखी कठड्याला धडकली. मग मात्र ती इरेला पेटली. दिवाळीचा फराळ संपायच्या आत तिनं गाड्यांच्या शर्यतीचा गेम संपवला. त्यामागोमाग मारामारीचा. एकेक गेम संपला की ती पूनमला फोन करून आपलं मत सांगायची, शाळेच्या सामन्यानंतर सांगायची तसंच, आडपडदा न ठेवता.

"शर्यतीत रस्ता चांगला हाये, पण जाऊन कुठं राह्यलो थे मातर समजत नाई. आन् मारामारीच्या खेळाले पंचच नाई. ज्या खेळाले पंच नाई, त्याच्यात जिंकून काय उपेग?"

तिसरा गेम शेतीचा होता. तो तिनं मुद्दाम भागवतला दाखवला. त्यानं चष्मा वर करून पाहिलं.

"पाऊस कदी येते याच्यात?"

"आदल्या दिवशी सांगून येते."

"मंग बंद कर बाप्पा. सपशेल झूट हाये," म्हणून तो पुन्हा पेपरात शिरला.

चौथा गेम खेचराचा. त्याचं इंग्रजी नाव जयमालाच्या तोंडात बसलं नाही. ती त्याला खेचराचा खेळच म्हणायची. उंच डोंगरातला रस्ता, एक मुलगी आणि तिचं खेचर. खेचराच्या पाठीवर मिठाची पोती. खालच्या गावातून मीठ घ्यायचं आणि घाट चढून पलीकडच्या गावांना पोचवायचं. वेळेत पोचलं तर गावकरी आनंदानं दारात येतात. एका बटणानं खेचराला चुचकारता येतं, दुसऱ्यानं छडी मारता येते.

जयमालानं छडीचं बटण धरलं. चढ आला की छडी, वळण आलं की छडी. पहिल्या खेपा तिनं झपाट्यानं मारल्या. मग एका खेपेला दरीवरच्या झुलत्या पुलाशी खेचर थांबलं. छडी मारली, हललं नाही. चुचकारलं, तरी नाही. तिनं पूनमला फोन लावला.

"तुहं मशीन बिघडलं. खेचर चालतच नाई."

"बिघडलं नाई आई. मागच्या खेपेले तू त्याले पुलावर मारलं असशीन. ध्यानात हाये त्याच्या."

"मशीनच्या?"

"खेचराच्या."

जयमाला टीव्हीकडे बघत राहिली. खेचर कान पाडून उभं होतं. शेवटी तिनं त्याला मागं वळवलं आणि डोंगराला वळसा घालून लांबच्या वाटेनं नेलं. वाटेत मीठ भिजलं. गावात कुणी दारात आलं नाही.

त्याच आठवड्यात तिचा गुडघा सुजला. व्यायाम शिकवायला घरी येणारी अन्नपूर्णा गुडघ्यावरून हात फिरवूनच समजली.

"टीचर, मी सांगतला त्याच्या दुप्पट केला ना व्यायाम?"

"लवकर बरं व्हावं म्हणलं."

"गुडघ्याले दम देऊन चालत नाई. त्याच्या कलानं घ्या."

त्या दिवसापासून जयमालानं छडीच्या बटणाला बोट लावलं नाही. चढावर खेचर थांबलं की थांबायचं. पाणी दिसलं की पाजायचं. खेपांना वेळ लागायला लागला आणि तिला त्याची घाई वाटेनाशी झाली. एके दिवशी खेचर आपणहून त्या झुलत्या पुलावर चढलं. जयमाला एवढ्या जोरात ओरडली की भागवत हातातली वाटी सांडून स्वयंपाकघरातून धावत आला.

"काय झालं? पडली काय?"

"पूल! पूल ओलांडला त्यानं!"

भागवतनं टीव्हीकडे पाहिलं, मग सांडलेल्या वरणाकडे. "बरं झालं," म्हणाला आणि फडकं आणायला गेला.

शेवटची खेप बर्फातली होती. घाटाच्या माथ्यावर खेचराचा पाय मुरगळला. तिथं एक झोपडी होती. आता दोन वाटा होत्या. पोतं स्वतःच्या पाठीवर घेऊन एकटीनं पुढं जायचं; मीठ पोचतं आणि पडद्यावर विजयाचे नगारे वाजतात. नाहीतर खेचरापाशी झोपडीत थांबायचं. थांबलं तर हिवाळा सरेपर्यंत काहीच करायचं नसतं. थोड्या थोड्या वेळानं चुलीत लाकूड तेवढं टाकायचं. चूल विझली की खेचर गेलं. मधेच मशीन बंद केलं तर हिवाळा पुन्हा पहिल्यापासून. आणि तो गेममधला हिवाळा संपायला घरातला अख्खा दिवस लागत होता.

जन्मभर गुण मोजलेली बाई. तिनं रविवारी सकाळी मशीन लावलं आणि झोपडीत बसली. लाकूड टाकलं, पोहे खाल्ले, लाकूड टाकलं. दुपारी गुडघ्याच्या गोळीनं डोळा लागला. दचकून जागी झाली तेव्हा उन्हं कलली होती. पण टीव्हीवर चूल धगधगत होती आणि खेचर कान हलवत होतं. दिवेलागणीला बर्फ वितळला, खेचर उठून उभं राहिलं आणि गेम संपला. नगारे नाहीत, गुण नाहीत. नुसता घंटेचा आवाज घाट उतरत गेला. जयमालानं पदरानं डोळे पुसले आणि त्या दिवशी पूनमला फोन केला नाही.

पुढच्या महिन्यात तिची मैत्रीण वंदना आली. दोघी मोताळ्याच्या, एकाच वर्गातल्या. वंदना एका वाचनालयाची सचिव होती. तिथं दर महिन्याला एकजण नुकत्याच वाचलेल्या पुस्तकावर बोलायचा. या महिन्याचा वक्ता ऐन वेळी आजारी पडला होता.

"तूच बोल वं जयमाला. घरी बसून काही तं वाचलं असशीन?"

"वाचलं नाई. गेम संपवले, चार. त्याच्यातल्या एकावर बोलतो म्हणशीन तं बोलतो."

वंदनानं कपाळाला हात लावला. "रामरावजी अध्यक्ष हायेत. थे मले वाचनालयाबाहीर काढतीन."

"मंग खुर्च्याइले ऐकव भाषण."

वंदनाजवळ दुसरा वक्ता नव्हता. रविवारी संध्याकाळी काठी टेकत जयमाला वाचनालयात पोचली. पन्नासेक माणसं होती. भागवत दुकानातून थेट आला होता आणि शेवटच्या रांगेत दाराशी बसला होता. विषय ऐकून रामरावांच्या भुवया वर गेल्या. ते निवृत्त मुख्याध्यापक. पुस्तकाखेरीज कशाला हात न लावणारा माणूस.

"बाई, हे वाचनालय आहे," ते शांतपणे म्हणाले. "बसून बटणं दाबण्यात कसला आलाय अनुभव?"

"रामरावजी, तुमी बी बसूनच वाचता ना?"

हशा पिकला. रामरावही किंचित हसले आणि त्यांनी हातानं 'बोला' म्हटलं.

जयमालानं माइक बाजूला सारला. आपल्या बोलीतच बोलली. शर्यतीचं मत दोन वाक्यांत सांगितलं, मारामारीचं एका वाक्यात, शेतीच्या गेमवर भागवतचं 'सपशेल झूट' जसंच्या तसं सांगितलं. मग खेचरावर आली. छडी, पूल, भिजलेलं मीठ. सभागृहात चुळबूळ थांबली.

"पुस्तकातल्या पोरीनं खेचराले मारलं असतं तं मी तिले नावं ठेवली असती," ती म्हणाली. "इथं बटन माह्या बोटाखाली होतं. म्याच मारलं, आन् त्या पुलावर मलेच थांबा लागलं. याच्यापरीस जादा मले काही सांगता येत नाई. शेवटी दोन वाटा होत्या..."

तिनं दोन वाटा सांगितल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईला राहवलं नाही. "मंग? तुमी गेल्या का थांबल्या?"

"थांबली. दिवसभर चुलीत लाकडं टाकली. दुपारी मातर झोप लागली मले, खोटं काऊन सांगू? उठली तं चूल जळतच होती. मशीनले दया आली असन."

"मशीनले नाई," दाराशी कुणीतरी म्हणालं.

सगळ्या माना मागं वळल्या. भागवत उभा राहिला होता. एवढ्या लोकांत बोलायची सवय नसल्यानं त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"मी टाकत होतो लाकडं. तू घोरून राह्यलती. थे गोल बटन असते ना, थे दाबाचं. दुकान बी उघडलं नाई त्या दुपारी."

मग जे हसू उसळलं त्यात पुढच्या रांगेतल्या बाया डोळे पुसत होत्या. जयमाला मात्र हसली नाही. तिला एकदम सगळे दिवस आठवले: पेपर उघडा, पण पान तेच.

"पेपराच्या आडून पाहत होते तुमी?" तिनं स्टेजवरूनच विचारलं.

"पयल्या छडीपासून," भागवत म्हणाला आणि खाली बसला.

समारोपात रामराव म्हणाले की त्यांचं मत अजून पुस्तकाच्याच बाजूनं आहे, पण आजच्या संध्याकाळचा त्यांना पस्तावा नाही. वंदनानं सुटकेचा निःश्वास सोडला. चहाच्या वेळी बाया आपसांत भांडत होत्या. एक म्हणे, मीठ पोचवायला पाहिजे होतं, तिथल्या लेकराबाळांचं काय? दुसरी म्हणे, मुक्या जनावराला टाकून कोण जाईल? जयमाला मधोमध उभी राहून दोघींनाही ऐकत होती. असा वाद तिच्या कुठल्या सामन्यानंतरही झाला नव्हता.

घरी जाताना भागवत तिच्या चालीनं चालत होता. सरकीनं भरलेला एक ट्रॅक्टर धूळ उडवत गेला, तशी त्यानं तिला कडेला घेतलं.

"म्हंजे माहा अर्धा गेम तुमी खेळले," ती म्हणाली. "मले उठवाचं तं होतं."

"तुले झोप पाह्यजे होती. खेचराले आग पाह्यजे होती. मी दोघाईचं पाह्यलं."

घरी पोचताच जयमालानं पूनमला फोन लावला आणि दोघांना मिळून खेळता येईल असा गेम सांग म्हणाली. दुसरा रिमोटही पाठव.

"काय पाह्यजे बाबाले? कोणता खेळ?" पूनमनं हसत विचारलं.

जयमालानं फोन भागवतकडे धरला. तो जरा विचारात पडला.

"कोणता बी चालते," तो म्हणाला. "फकस्त जनावर नको त्याच्यात. लई जीव लागते."