चौखुराची चाल

"हे लंगडतंय," दिग्दर्शक म्हणाला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

पडद्यावर चौखूर चालत होतं. आमच्या कार्टून फिल्मसाठी सात महिने खपून मी ही अख्खी जात घडवली होती. हरणाएवढं अंग, लांब मान आणि चार पायांना चार तऱ्हेचे खूर. पुढचा उजवा निखाऱ्याचा. तो टेकतो न टेकतो तोच उचलावा लागतो, नाहीतर गवत पेटेल. पुढचा डावा पाण्याचा, टेकला की पसरतो. मागचा एक दगडाचा, जडशीळ. दुसरा वाऱ्याचा, त्याचा ठसाच उमटत नाही. पिल्लू जन्मतं तेव्हा चारही खूर मऊ आणि सारखेच असतात, मग वर्षाला एक अशी तत्त्वं पायांत उतरतात. असं जनावर टापटाप चालेल कसं? मी तर आधी चाल रेखाटली होती आणि अंग नंतर.

दिग्दर्शकाचं म्हणणं, मागच्या फिल्ममधल्या घोड्याची चाल तयारच आहे, तीच याला चढवायची. "खुरांना रंग दे ना चार वेगवेगळे. पोरांना तेवढं पुरे."

पोरांना तेवढं पुरे! पोरांना काय पुरे हे ठरवणारी माणसं भेटली की माझे हात शिवशिवतात.

दुपारी मी बाबांनाच बोलावून घेतलं. बाबांनी चाळीस वर्षं घोड्यांना नाल ठोकले. आता कंबर गेलीय, लाथ बसल्यापासून डाव्या कानाने कमी ऐकू येतं. पण जनावर फाटकातून आत येतानाच त्याचा कुठला पाय दुखतोय ते सांगायचे. दिग्दर्शकाने त्यांना खुर्ची दिली आणि बाकीच्यांकडे बघून डोळे मिचकावले. ते मी पाहिलं.

आधी माझी चाल लावली. बाबा पुढे वाकून बघत राहिले.

"लंगडतंय ना, काका?" दिग्दर्शकाने विचारलं.

"छे हो. लंगडं जनावर मान उडवतं. दुखरा पाय टेकला की मान वर जाते. याची मान बघा, जागची हलत नाही. पावलं निराळी आहेत याची, पण दुखत काही नाही."

मग घोड्याची चाल लावली. अंगाचं वजन मी ठरवलेलं, पावलं मात्र घोड्याची. दगडी पाय उचलताना अख्खं अंग हिसका खाई आणि मान वर-खाली, वर-खाली होई.

"हे लंगडतंय," बाबा म्हणाले. "बंद करा. बघवत नाही."

दिग्दर्शक खो-खो हसला. "अहो काका, खोटं जनावर आहे ते! त्याला कुठलं आलंय दुखणं?" मग माझ्याकडे वळून, "हीच चाल पक्की. आज जाण्याआधी सही करून टाक."

मला वाटलं, आता बाबा त्याला चांगलं सुनावतील. बाबा गप्प. हात मांडीवर ठेवून खाली बघत बसले.

जिन्यात मी त्यांच्यावर उखडले. "तोंडाला कुलूप का लावलंत? तो दात काढत होता तुमच्यावर!"

बाबा एक पायरी उतरून थांबले. "सवय आहे मला."

"कसली?"

"गप्प बसायची. एक घोडी होती. पुढच्या खुरात पू झालेला तिच्या. मी म्हटलं, पंधरा दिवस नाल नको. मालक म्हणाला, घोडी माझी आहे, तू ठोक. मी ठोकला." त्यांनी कठडा धरला. "पाय ओढून नाही घेतला तिने. ओळखायची ना मला."

मला त्यांचा भयंकर राग आला. लहानपणापासून ज्या हातांचं कौतुक सांगत फिरले, ते हे हात!

"नाही म्हणायचंत की! फार तर एक गिऱ्हाईक तुटलं असतं!"

"हो," बाबा म्हणाले. "तेवढंच."

खरं सांगायचं तर सही करायचं मी खुर्चीतून उठतानाच ठरवून टाकलं होतं. बाबांना खाली सोडायचं, त्यांच्यावर पोटभर ओरडायचं आणि वर जाऊन मुकाट्याने सही करायची. लाज वाटली मला, अगदी कान तापेपर्यंत.

"इथेच थांबा," असं त्यांना सांगून मी वर गेले.

दिग्दर्शकाने कागद पुढे सरकवला. मी तो परत सरकवला.

"सही करणार नाही, सर."

"मग उद्यापासून येऊही नकोस. कुणीही करेल ते काम. आणि एक लक्षात ठेव, जनावर कंपनीचं आहे."

"असेल. पण मी नाही ठोकणार."

"काय नाही ठोकणार?" त्याने विचारलं.

त्याला समजावत बसायला मला वेळ नव्हता. खाली जिन्यात बाबा उभे होते.