थोरल्याने लावलेली पट्टी

दोघा भावांचं गॅरेज होतं. थोरला छातीच्या दुखण्याने गेला, त्याला वर्ष झालं. धाकट्याला मात्र गिऱ्हाइकं अजून ‘धाकटा’च म्हणत. थोरल्याची गाडी तेव्हापासून शेडमध्ये उभी होती. वहिनी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायच्या. गाडी शिकून झाली होती, लायसनही हातात आलं होतं. एकदा ब्रेक तपासून द्या, एवढंच त्या दीराला सांगत होत्या आणि तो आज-उद्या करत दिवस ढकलत होता. दादाची गाडी दुसऱ्या कुणी चालवलेली त्याच्या मनाला पटत नव्हती.

शेवटी एका रविवारी त्या स्वतःच शेडमध्ये येऊन उभ्या राहिल्या. त्याचा नाइलाज झाला. जॅक लावून त्याने पुढची चाकं काढली, वहिनींना स्टिअरिंगवर बसवलं आणि पेडल दाबायला सांगून टॉर्च घेऊन खाली वाकला.

ब्रेकचं तेल नेणारा उजवीकडचा रबरी पाइप वाळून तडकला होता. डावीकडच्या पाइपावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. तिचं टोक दुमडून ठेवलं होतं, म्हणजे पुढच्या वेळी नखाने शोधत बसायला नको. असं टोक दुमडणारा गॅरेजात एकच माणूस होता. धाकट्याने पट्टी सोडली आणि पुन्हा पेडल दाबायला सांगितलं. पाइप एका जागी लिंबाएवढा फुगला; कधीही फुटला असता.

तो तिथेच फरशीवर बसला. ब्रेकच्या कामात जुगाड चालणार नाही, असं गिऱ्हाइकांना ठणकावणारा दादा याच गाडीतून सगळ्यांना फिरवत होता. पट्टी खिशात घालावी आणि पाइप जुना झालाय म्हणून वेळ मारून न्यावी, असं त्याच्या मनात आलं. पण पेडलवर आता वहिनींचा पाय असणार होता. त्याने सगळं सांगून टाकलं.

वहिनींनी पेडलवरचा पाय उचलला. मग म्हणाल्या, “छातीत दुखायचं, तेही चार महिने दडवलं होतं त्यांनी. ‘होईल बरं’ म्हणायचे.”

“मला सांगितलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं, वहिनी.”

“माहीत आहे, भाऊजी. म्हणूनच राग येतो.”

त्यालाही आला होता. वर्षभर नुसतं रडू यायचं. राग आज पहिल्यांदा आला, आणि त्याने जीव जरा हलका झाला.

मग त्याने हात आखडता घेतला नाही. रबरी पाइप सगळे नवे घातले. मागच्या चाकाकडे जाणारी लोखंडी नळी गंजली होती, तीही बदलली. वहिनी पेडल दाबून धरत होत्या आणि तो खालून ब्रेकच्या तेलातली हवा काढत होता. बुडबुडे थांबून नुसतं तेल यायला लागेपर्यंत दोघांनी दम धरला.

गल्लीत चाचणी घेताना वहिनींनी असा करकचून ब्रेक मारला की धाकट्याचं कपाळ काचेला टेकता टेकता राहिलं.

“ब्रेक लागतात,” वहिनी म्हणाल्या. “पट्टा लावा आता.”

सोमवारी सकाळी सातला त्या नमुन्यांची पेटी घेऊन एकट्याच निघाल्या. गाडी वळणापाशी हळू झाली, मागचे दिवे लागले आणि ती दिसेनाशी झाली. धाकट्याने शेडचं दार पूर्ण उघडलं. रिकाम्या जागेत आता आणखी एक गाडी दुरुस्तीला घेता येणार होती.