सत्काराच्या शालीला न कळलेली गोष्ट

मी एक शाल. घाबरू नका, आज कुणाचा सत्कार नाही.

जन्म सुरतेच्या मागावर, संसार शहाद्याच्या मदनलाल शेठच्या कापड दुकानात. थंडीत कुणाला तरी ऊब देईन, असं वाटलं होतं. कसलं काय! शेठ इथल्या साहित्य मंडळाचे कार्यवाह. सत्काराचा फोटो निघाला की ते मला पाहुण्याच्या खांद्यावरून हळूच उतरवतात आणि घडी घालून पिशवीत भरतात. सरपंचापासून सभापतीपर्यंत साऱ्यांच्या घामाचा वास मला ठाऊक आहे.

यंदा विलायतेतला एक मोठा साहित्य पुरस्कार जाहीर झाला. कादंबरी, कविता, चरित्र, बालसाहित्य असे त्याचे विभाग. बालसाहित्यात जिंकली कोण, तर तळोद्याच्या वरच्या पाड्यावरची रविना पावरा! पुस्तक इंग्रजीत, गोष्ट सातपुड्याची. मंडळाला चेवच आला.

अध्यक्ष उमाकांतराव म्हणाले, "एकलीनाच कशाले? समदा विभागस्ना सत्कार करूत!"

बाकीचे विजेते विलायतेत. मग त्यांच्या वतीने कादंबरीचा सत्कार घेतला खतवाल्या नवलशेठनी, कवितेचा उमाकांतरावांच्या सूनबाई हेमांगीने आणि चरित्राचा खुद्द उमाकांतरावांनी. शाल प्रत्येक वेळी मीच. वाचनसंस्कृती बुडत चालल्याचं दुःख सगळ्यांनी भाषणात ठासून सांगितलं. एकाही विजेत्याचं पुस्तक मात्र कुणी उघडलं नव्हतं.

रविनाची आई फुलीबाई जीपने डोंगर उतरून आली होती, शेवटच्या रांगेत बसली होती. ती ऊसतोडीला गुजरातेत असायची, त्या दिवसांवरून लेकीला सुचलेली ही गोष्ट. विलायतेने वाचली, पण आईने ऐकली नव्हती. आज स्टेजवरून आईला ती त्यांच्या पावरी बोलीत सांगायची, एवढ्यासाठी रविना आली होती.

तिची पाळी आली. मी खांद्यावर पडले, फोटो निघाला आणि "वेळेअभावी" तिचं बोलणं गाळून थेट आभारप्रदर्शन झालं. मंडळी जेवणाकडे धावली, मला विसरून शेठसुद्धा.

रविना माझ्यासकट खाली उतरली. बाहेरच्या पायरीवर आईजवळ बसली, मला आईच्या पाठीवर पांघरलं आणि सांगू लागली. घरची माणसं ऊसतोडीला जातात, शेळी मागे राहते. रोज टेकडीवर चढून वाट बघते. पाला संपतो, पाणी आटतं, तरी ती जागा सोडत नाही. एक दिवस घाटात धुरळा उठतो. जीप थांबते. दार उघडतं...

फुलीबाईने माझा काठ मुठीत घट्ट धरला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी खरोखर हवी होते.

"कोण उतरलं?" तिने पावरीत विचारलं.

तेवढ्यात मदनलाल शेठ आले. "बेन, शाल द्या बरं. सांजले लोणखेडाले कार्यक्रम शे."

मूठ सुटली. पिशवीची चेन लागली. बाहेर रविना बोलतच होती, पण मला शब्द कळेनात. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर किती तरी खांद्यांवर पडले. जो तो माईकवर रविनाचं नाव घेतो, "आपल्या जिल्ह्याची लेक" म्हणतो. मी कान टवकारते. शेवट कुणीच सांगत नाही.

वाचकहो, ते पुस्तक हाती लागलं तर वाचा हो. आणि कधी तुमच्या खांद्यावर माझी पाळी आली, तर एवढंच हळूच सांगा: त्या जीपमधून शेळीची माणसं उतरली ना?