रेडिओची स्वतःची बातमी

त्याच्या दुकानाच्या पाटीवर दुसरंच काहीतरी नाव होतं, पण सगळे त्याला रेडिओ म्हणत. कात्री सुरू झाली की रेडिओही सुरू. कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या सुनेने वेगळी चूल मांडली, कोणाच्या पोराने नोकरी सोडली, सगळं त्याच्या खुर्चीत बसून ऐकावं. कारण साधं होतं. मानेभोवती कापड बांधलं आणि मागे वस्तरा घेऊन माणूस उभा राहिला की भलेभले पोटातलं ओठावर आणतात. समोर फक्त आरसा असतो. कोणाच्या डोळ्यांत बघून बोलावं लागत नाही.

"या गल्लीत माझ्यापासून लपलेलं काही नाही," असं तो छाती फुगवून सांगे. देव असं ऐकतो आणि हसतो, असं त्याची बायको म्हणायची. ती पहाटे उठून प्रार्थना करणारी बाई. नवऱ्याची जीभ आवरावी हे मागणं तिने देवाकडे कित्येक वर्षं केलं होतं.

देवाने ते शेवटी ऐकलं, पण भलत्याच वाटेने.

रेडिओला प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. डॉक्टर म्हणाले, "लवकर सापडलाय, घाबरू नका. ऑपरेशन करता येईल, किरणोपचारही चालतील. तुमच्या बाबतीत दोन्हींचा गुण सारखाच. त्रास मात्र वेगवेगळे. पुढच्या शुक्रवारी या आणि काय करायचं ते सांगा."

"तुम्हाला बरं वाटेल तसं कापा," रेडिओ म्हणाला.

"इथे तसं चालत नाही," डॉक्टर म्हणाले.

घरी येताना त्याला स्वतःचंच हसू आलं. आयुष्यभर तो गिऱ्हाइकांना विचारत आला होता, 'कसे कापू?' आणि ते म्हणायचे, 'तुला बरं वाटेल तसे.' तेव्हा तो मनात म्हणे, 'डोकं तुझं, आणि ठरवायचं मी?' आता तेच वाक्य त्याच्याच तोंडून गेलं होतं.

त्या दिवसापासून रेडिओ बंद पडला. कात्री चाले, पण आवाज नाही. गिऱ्हाइकं विचारत, "काय रे, सेल संपले का?" तो नुसता हसे. त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ऑपरेशननंतर काही दिवस लघवीवर ताबा राहत नाही, असं डॉक्टर बोलता बोलता म्हणाले होते. काही दिवस म्हणजे किती? त्याचं काम दिवसभर उभ्याने. समोर भिंतभर आरसा. पँट ओली झाली तर आधी गिऱ्हाइकाला दिसणार, मग त्याला. आणि दुसरी एक गोष्ट होती. ती तर बायकोशीही बोलता येत नव्हती, कारण ती नवरा-बायकोतलीच होती.

विचारणार कोणाला? ज्याला विचारावं तो दुसऱ्याला सांगणार. हे रेडिओपेक्षा जास्त कोणाला ठाऊक? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हाच तर त्याचा धंदा.

"अहो," बायको म्हणाली, "मी देवाला सांगितलंय."

"बरं केलंस. देव तरी पुढे कोणाला सांगत नाही."

"हॉस्पिटलातल्या त्या सिस्टरने कागद दिलाय ना? दर गुरुवारी तिथे पेशंट जमतात म्हणे. उद्या गुरुवारच आहे."

"अगं, चारचौघांत जाऊन काय सांगू? गल्लीत कळेल."

"गल्लीला कळायला तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे?" ती शांतपणे म्हणाली आणि पोळपाट धुवायला उठली.

गुरुवारी संध्याकाळी तो हॉस्पिटलच्या मागच्या जिन्याने वर गेला. दार किलकिलं होतं. आतून हसण्याचा आवाज येत होता, तोही चांगला खळखळून. त्याने दार ढकललं आणि हसणं खटकन थांबलं.

आत गोलाकार मांडलेल्या खुर्च्या होत्या. एकीवर निवृत्त हेडमास्तर, दर पंधरवड्याला केस कापून घेणारे. दुसरीवर चौकातला कुलूपवाला, रोज सकाळी दुकानात येऊन पेपर वाचणारा. आणि तिसरीवर, रेडिओने डोळे चोळले, त्याचा साडू.

"साडूभाऊ? तुम्ही?"

"संपलं," साडू कपाळाला हात लावून म्हणाला. "आता उद्या सकाळी गावभर."

"कोणी बोलावलं याला?" कुलूपवाल्याने विचारलं.

कोपऱ्यातली सिस्टर म्हणाली, "सगळ्यांसाठी खुलं आहे. फक्त इथलं बोलणं इथंच राहतं, हा नियम."

"हा नियम याला लागू पडतो?" हेडमास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "सिस्टर, रेडिओला नियम लावता येत नाही. नुसतं बटण बंद करता येतं."

ही तीन माणसं रेडिओच्या हाताखालून गेली होती. हेडमास्तरांनी मुलाच्या घटस्फोटाचं सांगितलं होतं. कुलूपवाल्याने तर भावाशी असलेल्या भांडणाचं इत्थंभूत. आणि हे मात्र एकानेही नाही! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी त्याची गत झाली होती.

"आणि तुम्ही, साडूभाऊ, दोन वर्षं घरीच दाढी करताय ती..."

"तुझ्या खुर्चीत बसलं की तोंड आपोआप उघडतं, म्हणून. तीन वेळा स्वतःच्या हाताने हनुवटी कापून घेतली, पण पोटातलं पोटात ठेवलं."

"मला पण झालाय," रेडिओ म्हणाला.

मग कुलूपवाला हसला. "बातमी काढायला माणूस काय काय करतो!"

हे मात्र रेडिओला लागलं. आजार झाला तो झाला, वर तो सिद्ध करायची पाळी यावी? रिपोर्ट घरी कपाटात होता. तो दाराकडे वळला.

"थांब," हेडमास्तर म्हणाले. "खरा पेशंट असशील तर एक सांग. तुकडा काढून तपासतात, तेव्हा आवाज कसा होतो?"

रेडिओ पाठमोराच उभा राहिला. तसं त्याला सोपं गेलं. "स्टेपलर मारावा तसा," तो म्हणाला. "आणि डॉक्टर दर वेळी आधी सांगत होते, 'आता आवाज होईल हं.' जसा काही मला आवाजाचाच त्रास होणार होता! अहो, आवाज कानात होतो. तिथे माझे कान आहेत का?"

साडू आधी हसला. मग कुलूपवाला. हेडमास्तर तर इतके हसले की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "बस," ते म्हणाले. "हे ऐकीव नाही. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे."

तो बसला, पण गोलात समोरासमोर बोलायची त्याला सवय नव्हती. हात नुसते गुडघ्यावर. शेवटी त्याने खुर्ची उचलली आणि कुलूपवाल्याच्या मागे नेऊन ठेवली. सवयीने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याने विचारलं, "ऑपरेशन झालंय तुझं? दिवसभर उभं राहता येतं?"

कुलूपवालाही मागे न वळता बोलू लागला. "पहिले काही महिने पॅड घातलं. व्यायाम सांगतात, तो मन लावून कर, कंटाळा करू नको. आता फक्त जोरात हसलो की थोडं. आत्ता तू हसवलंस ना, त्याचं पाप तुझ्या माथी."

"आणि... ते दुसरं?"

सिस्टर फाइल घेऊन बाहेर गेली. ती जुनी जाणती बाई होती.

"ते कमी झालं," कुलूपवाला म्हणाला. "खोटं कशाला बोलू? डॉक्टरांकडे त्यालाही औषध आहे, लाजू नको. पण मी बायकोपासून लपवलं तेव्हा ती समजली, मला तीच नको झालीय. महिनाभर रडली. लपवण्याने जास्त गेलं, दुखण्याने कमी."

हेडमास्तरांनी किरणोपचारांचं सांगितलं. थकवा, पोटाच्या तक्रारी, सगळं, वर्गात धडा शिकवावा तसं. साडूला डॉक्टरांनी नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं होतं. "दर तपासणीच्या आदल्या रात्री माझाही डोळा लागत नाही," तो म्हणाला. त्यातलं कुठलंच सुखाचं नव्हतं. तरीही जिना उतरताना रेडिओचे पाय हलके पडत होते. त्या रात्री त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि मग देवाऐवजी त्याचाच हात धरून बसली.

शुक्रवारी त्याने डॉक्टरांना सांगितलं, "कापा. पण कापायचं हे मी ठरवलं, असं लिहा."

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात पोस्टमन केस कापायला आला. अर्धे केस झाले आणि तो उठून मागच्या मोरीत गेला. परत येऊन बसला. थोड्या वेळाने पुन्हा उठला. रेडिओने काही विचारलं नाही.

"दुकान बंद ठेवणार म्हणे?" पोस्टमनने विचारलं. "आणि ते हेडमास्तर दर गुरुवारी हॉस्पिटलात कशाला जातात रे? तुला ठाऊक असेलच."

रेडिओची जीभ दाताशी आली होती. त्याने ती आत घेतली. "हेडमास्तरांचं मला काही माहीत नाही," तो म्हणाला. आरशात पोस्टमनचं तोंड उघडंच राहिलं. "माझं मात्र माहीत आहे. ते ऐक."

त्याने सगळं सांगितलं. आवाजाचंसुद्धा. पोस्टमन एकदाही हसला नाही.

"रात्रीतून चारदा उठतो मी," तो शेवटी आरशाला म्हणाला. "वय झालं म्हणून सोडून दिलं होतं."

"वयच असेल. पण तपासून घे."

"हे कोणाला सांगू नकोस हं."

"नाही," रेडिओ म्हणाला, आणि त्याच्या आयुष्यात हा शब्द पहिल्यांदाच खरा होता.

पोस्टमनने मानेवरचे केस झाडले. "आणि तुझं? तुझं कोणाला सांगू नको ना?"

रेडिओने कात्री थांबवली. "माझं सांग की. घरोघर जातोसच. फक्त बातमीबरोबर एवढंही सांग, गुरुवारी तिथे अजून खुर्च्या रिकाम्या आहेत."