हँडलावरचा अंगठा

हेमराजनं जीपच्या तोंडाशी खुपसलेलं, इंजिन फिरवायचं हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि जातं फिरवावं तसं सावकाश फिरवायला सुरुवात केली. चारही प्लग काढलेले असल्यामुळं इंजिन निमूट फिरत होतं. डेल्कोला, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या त्या डब्याला, दोन तारांनी जोडलेला छोटा बल्ब त्यानं बॉनेटच्या कडेला टांगला होता. बल्ब पेटला की ठिणगी पडली असं समजायचं, आणि नेमक्या त्याच वेळी फ्लायव्हीलवरची, म्हणजे इंजिनाच्या जड चाकावरची खूण खालच्या छोट्या खिडकीत दिसायला हवी. बल्ब पेटला. हेमराज वाकून खिडकीत डोकावला. खूण कुठंच नव्हती. ठिणगी कितीतरी आधीच पडून गेली होती.

त्यानं पुन्हा फिरवून पाहिलं. पुन्हा तेच. खरं सांगायचं तर बल्बानं त्याला नवं काहीच सांगितलं नव्हतं.

"काय म्हंते?" गोठ्याच्या सावलीत खाटेवर बसलेल्या गुणवंतरावांनी विचारलं. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि गळ्यात अडकवला होता.

"पाहून राह्यलो, भाऊ."

"पाय, पाय. घाई नाई."

ओट्यावर उडीद पाखडत बसलेल्या नीलाबाईंनी सूप थांबवलं. नवऱ्याला टोचायची एकही संधी त्या दसऱ्यापासून सोडत नव्हत्या.

"घाई तवा करायची नोहोती. हेमराजनं जीव तोडून सांगतलं होतं, अंगठा बोटाइच्या बाजूनंच ठेवा, हँडलाले वेढू नका. पण आयकतील तं ते माणूस कायचे!"

"चुकला ना बाई अंगठा," गुणवंतराव हसले. "माणूस हाय, चुकते."

हेमराजनं डोकं बॉनेटखाली घातलं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगीच नाही. बाई बोलत होत्या नवऱ्याला आणि शब्द लागत होता त्याला.

गुणवंतराव झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी वाजवत. दिवाळी होऊन धान घरात आलं की गावोगाव मंडप पडतात, रात्रभर नाटकं चालतात, आणि पेटीवर गुणवंतराव आहेत म्हटलं की चामोर्शीपासून कुरखेड्यापर्यंतची माणसं घोंगडी घेऊन आधीच जागा धरतात. त्यांच्या वडिलांची ही पेट्रोल जीप मोहाच्या झाडाखाली गंजत पडली होती. एकदा तरी हिच्यात पेटी टाकून प्रयोगाला जायचं, ही त्यांची हौस. हेमराज खरा ट्रॅक्टर आणि डिझेल पंपांचा मिस्त्री. असल्या म्हाताऱ्या पेट्रोल इंजिनाला त्यानं जन्मात हात लावला नव्हता. पण नाही म्हणेल तर तो मिस्त्री कसला! त्यानं इंजिन उघडलं, घासलं, बांधलं, आणि दसऱ्याला नारळ फोडून गाडी सुरू करायची असं गावभर सांगूनही टाकलं. जुना सेल्फ, म्हणजे चावीवर इंजिन फिरवणारी मोटर, दुरुस्तीला नागपूरला गेला होता, म्हणून सुरुवात हँडल मारूनच करायची होती.

नवमीच्या दुपारी गाडी मरगळल्यासारखी चालली म्हणून त्यानं डेल्को कानाच्या भरवशावर पुढं सरकवला. आवाज एकदम भरला. हेमराज खूश झाला. संध्याकाळी आणखी एकदा चालवून पाहावी म्हणून हँडल मारायला गेला, तेव्हा ते त्याच्याच हातात उलटं उसळलं. त्याला तिथंच कळलं की टायमिंग फार पुढं गेलंय, ठिणगी वेळेआधीच पडतेय, आणि असं हँडल एखाद्याचं हाड मोडू शकतं. डेल्कोचा एक बोल्ट सैल केला की काम भागलं असतं. पण खंडेनवमी होती. तोवर नीलाबाईंनी त्याचे सगळे पाने धुऊन पाटावर मांडले होते, हळदकुंकू वाहिलं होतं, वर झेंडू ठेवला होता. पूजेतलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायचं नाही, ही त्या घरची रीत. दुकानातून दुसरा पाना आणता आला असता. पण तो कशाला आणला हे सांगावं लागलं असतं. एका रात्रीनं काय होतंय, उद्या पहिलं हँडल आपणच सांभाळून मारू, असं म्हणत तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी अर्धं गाव अंगणात उभं. नारळ फुटला आणि नवी टोपी घातलेले गुणवंतराव पुढं झाले. पयलं हँडल मीच मारतो, म्हणाले. हेमराजनं तोंड उघडलं होतं. मग त्यानं माणसांकडं पाहिलं आणि ते मिटलं.

हँडल उलटलं. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, अंगठा वेढला असंल, अंगठा! जमिनीवर बसलेले गुणवंतराव पांढऱ्याफटक चेहऱ्यानं म्हणाले, हाव, अंगठाच चुकला. तेवढ्या एका वाक्याच्या आडोशाला हेमराज आजवर लपून बसला होता.

"वडशाहून फोन आलता," गुणवंतराव खाटेवरून सांगत होते. "नाटक मंडळवाल्यानं दुसरा माणूस पाहिला पेटीले. मुलचेऱ्याकडचा पोरगा हाय. साजरा वाजवते म्हंते."

"तुम्ही कवा जासान मंग?"

"डॉक्टर म्हंते, प्लास्टर निंगू दे. करंगळी अजून आयकत नाई."

त्यांनी प्लास्टरबाहेरची बोटं उचलून दाखवली. करंगळी सोडून बाकीची उचलली गेली. आत्ता सांगावं, या घडीला सांगावं, असं वाटून हेमराजनं पाना खाली ठेवला, आणि हात पुसून पुन्हा उचलला. आपण इतके भित्रे आहोत याची त्याला त्या पान्यापुढंही लाज वाटली.

त्यानं बोल्ट सैल केला, डेल्को जरा जरा करत मागं आणला, पुन्हा हँडल फिरवलं. या वेळी बल्ब पेटला तेव्हा खूण खिडकीत बरोबर येऊन उभी होती. बोल्ट आवळून, प्लग बसवून, तारा जोडून त्यानं आत जाऊन चावी लावली. बाहेर येऊन पाहतो तर गुणवंतराव जीपसमोर उभे.

"सरक. मी मारतो."

"भाऊ, नोका."

"डावा तं साजरा हाय ना."

ते वाकले. हेमराजकडं न बघता, बोलता बोलता, त्यांनी डावा हात हँडलावर ठेवला. चारही बोटं खालून आली आणि अंगठा त्यांच्याच ओळीत, बाहेरच्या बाजूला, आपोआप जाऊन बसला. हेमराजनं श्रावणात एकदा काठीवर शिकवलं होतं, तस्साच. ज्या बोटांना शेकडो पदं पाठ, ती एवढीशी गोष्ट विसरणार कुठून? हेमराज त्या अंगठ्याकडं बघत राहिला. तो दसऱ्यालाही चुकला नव्हता.

हँडल वर आलं. इंजिन एकदा खोकलं आणि लागलं. गुणवंतराव मान तिरकी करून ऐकत उभे राहिले.

"आता ठेक्यात आली," ते म्हणाले. "नवमीले लय पुढं पळून राह्यली होती."

हेमराजनं अंगठ्यावरची नजर वर उचलली. "तुमाले आयकू आलतं?"

"पेटी वाजवतो बावा मी."

"मंग बोलले काऊन नाई?"

"दसऱ्याले अख्खं गाव उभं. त्याइच्या पुढं तुले म्हनू, तुहं चुकलं म्हून?" त्यांनी डावा हात धोतराला पुसला. "वाटलं, एकच हँडल तं मारायचं हाय. जाऊ दे आता."

तेवढ्यात नीलाबाई चहा घेऊन आल्या. एक कप त्यांनी पाहुण्याचा म्हणून आधी हेमराजपुढं बॉनेटवर ठेवला आणि नवऱ्याच्या डाव्या हातावरचं हँडलाचं काळं पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"आता डाव्याचं बी वाटोळं करता काय? एक हात गेला ना त्या अंगठ्यापायी."

"बाई," हेमराज म्हणाला, "अंगठा बराबर होता."

"अरे, जाऊ दे ना," गुणवंतराव मध्ये पडले.

"अंगठा बराबर होता, बाई. हँडल माह्यानं उलटलं. नवमीच्या सांजेलेच मले मालूम होतं, आन् मी बोललो नाई."

नीलाबाईंनी हेमराजकडं पाहिलंच नाही. त्या नवऱ्याकडं बघत होत्या, आणि गुणवंतराव जीपकडं. मग बाईंनी दुसरा कप नवऱ्याच्या डाव्या हातात दिला, आणि पिऊन होईपर्यंत तो हात खालून धरून उभ्या राहिल्या. इंजिन एका लयीत चाललं होतं. बॉनेटवरच्या कपातला चहा थरथरत होता. हेमराजनं तो उचलला नाही.